गाळाचं विरजण

१

राजेश्रीचा दिवस शहाण्णव किड्यांपुढे वाकून सुरू व्हायचा. देवापुढे वाकायला मात्र तिला वेळ मिळत नसे, ही तिच्या सासूबाईंची जुनी तक्रार होती आणि ती खरी होती.

सकाळी आठला किशनराव कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेचं कुलूप काढायचे. किशनराव तिथले परिचर. निवृत्तीला पाच महिने उरलेले, त्यामुळे कोणालाही काहीही बोलायला मोकळे. खिडकीजवळच्या लांब टेबलावर चार प्लेटा मांडलेल्या असायच्या. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. तळहाताएवढी, पारदर्शक, चोवीस खळग्यांची. एकेका खळग्यात अर्धा चमचा पाणी आणि पाण्यात एकच किडा, लालभडक, शिवायच्या दोऱ्याएवढा बारीक. मत्स्यतळ्याच्या गाळात हे किडे डोकं खाली खुपसून राहतात आणि शेपूट वर पाण्यात डुलवत ठेवतात, कारण त्यांचा श्वास शेपटाकडून चालतो. पोखर्णीकडची माणसं त्यांना गांडुळाची पिल्लं म्हणत. पहिल्या वर्षी राजेश्रीने ते दुरुस्त करून पाहिलं, दुसऱ्या वर्षी नाद सोडला.

काम एवढंच की रोज सकाळी प्रत्येक खळग्यातला थेंबभर पाण्याचा अंश काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि किड्याच्या अंगातून एखादा परजीवी बाहेर पडलाय का, पडला तर कुठल्या जातीचा, हे वहीत लिहायचं. परजीवी शोधायला एवढं वाकायची काय गरज, असं किशनराव म्हणत आणि स्टाफरूमच्या दिशेने बघत.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्यात म्हणतात. हा पाहुणा मात्र दोन्ही घरी पोटभर जेवतो. आधी गाळातल्या किड्यात राहतो. तिथे त्याला तीन पाय फुटतात; विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, तसा दिसतो. मग पाण्यात सुटतो, तरंगत राहतो आणि मासा जवळून गेला की त्याला अडकतो. माशाच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे येतात, मासा मरतो, गाळात बसतो, गाळ किडा खातो, की पाहुणा परत पहिल्या घरी. दोन घरं. तिसरं नाही. सगळ्या पुस्तकांत असंच आहे.

राजेश्री एक्केचाळीस वर्षांची होती. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती, प्रबंधाचं सहावं वर्ष चालू होतं, नवरा गोपाळ नांदेडला नोकरीला आणि शनिवारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन हजर. ती दमली होती. थकवा हा शब्द तिला पुरायचा नाही. झोपून उठल्यावर जातो तो थकवा. हिचा थकवा ती उठायच्या आधीच उठून बसलेला असायचा.

यंदा मात्र तिच्या त्या वहीकडे बऱ्याच लोकांचे डोळे लागले होते. मागल्या वर्षी नऊ तळ्यांतले मासे दाणे येऊन मेले. त्या सगळ्या तळ्यांत माशांची पिल्लं, म्हणजे बोटुकली, एकाच ठिकाणाहून गेली होती: पोखर्णीजवळच्या मनकर्णाबाई आणि त्यांचे मालक भुजंगमामा ह्यांच्या तळ्यावरून. प्लेटांमधले किडेही त्याच तळ्याच्या गाळातले. यंदा जिल्ह्यातल्या एकतीस तळेवाल्यांनी एकमुखाने ठरवलं की कॉलेजच्या मॅडमचा कागद आला तरच पिल्लं उचलायची. गुरुवारी गाड्या लागणार होत्या. राजेश्रीने ‘परजीवी आढळला’ असं लिहिलं तर मनकर्णाबाईंचं तळं रिकामं करून, चुना टाकून, सगळी पिल्लं पुरायची. वर्ष गेलं. आणि दिसत असून नाही लिहिलं, तर रोग एकतीस ठिकाणी.

तो सोमवार होता. पोळा चार दिवसांवर आला होता.

२

एका प्लेटीतले चोवीस किडे कधी एका तालात डुलत नाहीत. वरातीत नाचणाऱ्यांसारखं त्यांचं असतं, ज्याचं त्याला माहीत. राजेश्रीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सोमवारी सकाळी काहीतरी चुकतंय एवढंच तिला आधी कळलं. काय चुकतंय ते कळायला तिला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

तिसऱ्या प्लेटीतले सगळे किडे एकदम डावीकडे गेले. थांबले. एकदम उजवीकडे आले.

तिने कप खाली ठेवला. प्लेटीत खळग्याखळग्यांच्या मध्ये प्लास्टिकची भिंत असते, एकाचं पाणी दुसऱ्याला लागत नाही. किड्यांना डोळे नसतात. म्हणजे धक्का बाहेरून येतोय, असा तिने हिशेब केला. कोपऱ्यातला जुना फ्रीज सुरू होताना अख्खी खोली हादरवायचा. तिने त्याचं बटण बंद केलं. फ्रीज दोन आचके देऊन गप्प झाला. खोलीत पंख्याची करकर आणि बेसिनच्या नळाची टपटप एवढंच उरलं. किडे डावीकडे गेले, थांबले, उजवीकडे आले.

तिने पंखा बंद केला. प्लेट उचलून खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवली. आपला श्वास पाण्याला लागत असेल म्हणून वर काच ठेवली आणि दूर स्टुलावर जाऊन बसली. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अकरा वेळा. परत मोजलं. अकराच.

पाण्यातला प्राणवायू कमी झाला की किडे जास्त डुलतात, हे खरं. सगळ्यांचं पाणी एकाच कॅनमधलं, त्यामुळे सगळ्यांचा जीव एकाच वेळी कासावीस होणार, हेही पटण्यासारखं. तिने वहीत तसं लिहिलं आणि लिहिलेलं वाचून तिला जरा बरं वाटलं. शिकलेल्या माणसाचं एक असतं, कारण लिहून काढलं की भीती अर्धी होते. खरं-खोटं पुढे बघता येतं.

किशनराव फरशी पुसत आत आले आणि फडकं हातात धरून तिच्याकडे बघत उभे राहिले.

“मॅडम, तुमी कामून डुलायलाव?”

“काय?”

“बसल्या बसल्या. असं.” त्यांनी फडक्यासकट डावीकडे आणि उजवीकडे झुकून दाखवलं. “झोप न्हाई का झाली रातच्याला?”

राजेश्री ताठ बसली. किती वेळ बघत बसली होती ती त्या किड्यांकडे! भजनाला बसलेल्या माणसाची मान आपोआप हलायला लागते, तसंच हे. तिने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. किशनराव नळ घट्ट पिळून बघत होते, पण त्याची चकती कधीच गेली होती.

नळाचे थेंब तिने मोजले नाहीत. मोजावेसे वाटले, पण मोजले नाहीत.

३

मंगळवारी चारही प्लेटा एका तालात डुलत होत्या.

राजेश्रीने त्यांच्यावर कागद झाकला आणि पाणी तपासायला घेतलं. पहिल्याच काचेवर ते दिसले. दुसऱ्या काचेवर, तिसऱ्यावरही. दुपारी दोनपर्यंत एक्केचाळीस खळग्यांत परजीवी निघाला होता. मागल्या वर्षी शहाण्णवात दोन निघाले तर ती गोपाळला फोन करून सांगत होती.

आकार गळाचाच होता, तीन पायांचा. पण पायांची लांबी मोजली तर कुठल्याच जातीशी जुळेना. पुस्तकातल्या सगळ्यात लांब पायांपेक्षा ह्यांचे पाय दुप्पट लांब. तिने पट्टी तपासली, भिंग बदललं, पुन्हा मोजलं. नवी जात सापडणं म्हणजे प्रबंधवाल्याची लॉटरीच, आणि पाच वर्षांपूर्वीची राजेश्री ह्या क्षणी खोलीभर नाचली असती. आताच्या राजेश्रीला फक्त वाटलं की आता हे सगळं परत मोजावं लागणार.

ह्या जीवाच्या टोकाला तीन इवल्या पेट्या असतात आणि पेटीत गुंडाळलेला धागा. माशाच्या अंगावरची बुळबुळ लागली की पेट्या उघडतात, धागे सुटतात आणि गळ अडकतो. एरवी तो हूं की चूं करत नाही. म्हणून जात ओळखायची एक रीत अशी, की कुठल्या माशाच्या बुळबुळीला तो उघडतो ते बघायचं. फ्रीजमध्ये कटल्याची बुळबुळ होती. तिने थेंब सोडला. काही नाही. रोहूची सोडली. काही नाही. मरळीची बाटली तळाशी होती, तीही खरवडून झाली. गळ तरंगत राहिले.

मेलेले असतील, असं तिला वाटलं. तिने काच नीट सरकवली आणि सरकवताना तिचा अंगठा पाण्याच्या कडेला लागला. हातमोज्यांचा डबा जूनपासून रिकामा होता.

काचेवरचे सगळे एकदम उघडले.

राजेश्रीने डोळा भिंगावरून काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. धागे सुटले होते आणि ते सगळे एकाच बाजूला, अंगठा होता त्या बाजूला गेले होते.

तिने साबणाने हात धुतले, स्पिरिटने पुसले, परत धुतले. मग ती बसून विचार करायला लागली. घाम. घामात मीठ. मिठाने पाण्याचा दाब बदलतो आणि पेट्या उघडतात. हे अगदी बरोबर होतं. तिने मिठाचं पाणी करून नव्या काचेवर सोडलं. काही झालं नाही. जास्त मीठ घालून सोडलं. काही झालं नाही.

“किशनराव, जरा बोट द्या इकडे.”

किशनरावांनी निमूट बोट पुढे केलं. त्यांनी आयुष्यभर बेडकं धरून दिली होती, बोट काय मोठंसं. राजेश्रीने ते काचेच्या कडेला टेकवलं आणि भिंगातून बघितलं.

“काय झालं?”

“काही नाही.”

“मग स्पिरिट कामून लावायलाव माज्या बोटाला?”

तिने स्पिरिटची बाटली बंद केली. किशनरावांनी बोटाचा वास घेतला, शर्टाला पुसलं, मग झाकलेल्या प्लेटांकडे बघितलं. कागद हलत नव्हता. त्याच्याखाली काय चाललं आहे ते दोघांनाही माहीत होतं.

“ह्ये उकळून टाकू मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले. “चौतीस वर्सं झाली मला हितं. साप संभाळले, इंचू संभाळले. पर ह्येंच्याकडं पाठ करून झाडायचं म्हणलं की माज्याच्यानं झाडवना.”

“उद्या उकळा,” राजेश्री म्हणाली. तिने कॉलेजचं नाव छापलेला कागद घेतला आणि लिहिलं: परजीवी आढळला, जात अनोळखी, पिल्लं एकाही तळ्यात जाऊ नयेत, माणसांनी पाण्यात उतरू नये. शेवटचं वाक्य लिहिताना तिचा हात अडला. उद्या कोणी विचारलं की मॅडम, हे कशावरून, तर काय सांगणार? माझ्या अंगठ्यावरून?

तिने वाक्य ठेवलं. सही केली. फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. एका बाईचं वर्ष बुडवायचं तर तिच्या तोंडावर जाऊन बुडवावं, एवढी रीत राजेश्रीला होती.

४

बुधवारी तास संपवून ती स्कूटीवरून पोखर्णीकडे निघाली. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. सगळ्या वाटेत ती मनकर्णाबाईंशी मनातल्या मनात बोलत होती. त्या रडतील, त्या पाया पडतील, त्या म्हणतील एवढ्या बारीला सांभाळून घ्या. त्या प्रत्येकाला तिने उत्तर तयार केलं होतं. तिला ह्या बाईचा लळा लागला होता. पाच वर्षांत एकदाही त्यांनी राजेश्रीला भाकर खाल्ल्याशिवाय परत जाऊ दिलं नव्हतं.

तळं अर्ध्या एकराचं, काळ्या मातीचं, छातीभर पाण्याचं. काठावरच्या पत्र्याच्या सावलीत मनकर्णाबाई मोठ्या टोपात हात घालून पिल्लं निवडत बसल्या होत्या, मोठी एकीकडे, बारकी दुसरीकडे.

“या मॅडम. बसा. पानी आनते.”

“नको मावशी. मामा कुठायत?”

“खाली हायेत,” मनकर्णाबाईंनी हनुवटीने तळ्याकडे दाखवलं.

त्यात नवल नव्हतं. दर खेपेला भुजंगमामाच बुडी मारून तिला तळाचा गाळ काढून देत. बुडी मारायची, मूठभर गाळ घेऊन वर यायचं, नाकाशी धरून वास घ्यायचा आणि मग डब्यात टाकायचा. यंत्रापेक्षा बरा नमुना येई.

राजेश्री खाली गोणपाटावर बसली आणि कागद पुढे केला. मनकर्णाबाई सातवी शिकलेल्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचलं.

“मंजी पिल्लं द्यायची न्हाईत.”

“नाही मावशी.”

“आन् तळं वाळवायचं.”

“हो. चुना टाकायचा. मी तळेवाल्यांच्या संघाच्या माणिकरावांना सांगते, काही मदत...”

“बरं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “न्हाई देत.”

एवढंच. तयार केलेली उत्तरं राजेश्रीच्या तोंडातच राहिली. वाद नाही, रडणं नाही. तिला इतकं सुटल्यासारखं झालं की डोळे भरून आले. एकतीस तळी वाचली. तिने चष्मा काढून पुसला.

“पिल्लं न्हाई गेली तरी काई अडत न्हाई म्हना,” मनकर्णाबाई परत टोपात हात घालत म्हणाल्या. “गाळ तर कवाच गेलाय.”

“कसला गाळ?”

“इरजणाचा.” हे विचारावं लागतंय ह्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. “नवीन पानी भरलेल्या तळ्यात जुन्या तळ्याचा टोपलंभर गाळ टाकावा लागतो मॅडम. त्याबिगर पानी धरत न्हाई, मासा राहत न्हाई. दुधाला इरजण लावत न्हाईत का आपन? तसंच. पंचमीला माती उकरत न्हाईत, म्हून दुसऱ्या दिशी दिला. एकतीस टोपली. ह्येंनीच एकेक करून खालून काढली.”

राजेश्रीच्या प्रश्नावलीत साठ प्रश्न होते. पाणी कुठलं, खाद्य कुठलं, औषध कुठलं, जाळं कुणाचं. पाच वर्षं ती दर तळ्यावर बसून ते भरून घेत होती. पिल्लांबरोबर अजून काय जातं, हे तिने विचारलंच नव्हतं. आणि ह्यांनी सांगितलं नव्हतं, कारण दुधाला विरजण लावतात हे कोणी कोणाला मुद्दाम सांगतं का?

पंचमीला महिना होत आला होता.

५

मग तिच्या लक्षात आलं की आपण आल्याला पंधरा मिनिटं झाली.

“मावशी, मामा कधी उतरले?”

“तुमी यायच्या आदी.”

“आधी म्हणजे?”

“येतेत वर. आताशा जरा येळ लागायलाय.”

राजेश्री उठून काठावर गेली. वारा नव्हता. तळ्याच्या मधोमध एका जागी पाणी हलत होतं. बुडबुडे नव्हते, फक्त पाणी एका बाजूला चढत होतं, थांबत होतं, दुसऱ्या बाजूला चढत होतं. तिने डोळ्यांवर हात धरला. पाण्याखाली वीतभर काहीतरी फिकट होतं, जोडीने. ते तळपाय होते. वर झालेले, एकमेकांना चिकटलेले, आणि ते डावीकडे गेले, थांबले, उजवीकडे आले.

तिने मोजायला नको होतं, पण इतक्या वर्षांची सवय. अकरा.

“मावशी!” ती चपला टाकून पाण्यात शिरली. मनकर्णाबाईंनी धावत येऊन तिचं मनगट धरलं. ओल्या, माशांच्या वासाच्या हाताची पकड घट्ट होती.

“नका. मदी उठवलं की तरास होतो त्यांला. मागल्या येळला नाकातून रगत आलं.”

“अहो, ते मरतील!”

“न्हाई मरत,” मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात इतका शीण होता की राजेश्रीचं पुढचं पाऊल तिथेच राहिलं. “वीस वर्सं ऊस तोडला मॅडम त्यांनी. म्या बी तोडला. कंबर गेली, गुडघे गेले. रातभर कन्हत पडायचे. त्या गाळाच्या दिशी वर आले ते म्हनले, मनकर्णा, खाली लय निवांत हाय गं. तवापासून कन्हत न्हाईत. मला बी चल म्हनायलेत रोज. पर दोगं बी गेलो तर पिल्लाला चारा कोन टाकंल?”

राजेश्री गुडघाभर पाण्यात उभी होती. पायाखालचा गाळ कोमट होता. तो बोटांमधून वर आला, घोट्याला बसला, आणि तिच्या पोटऱ्यांतला ठणका, जो इतकी वर्षं तिथे होता की तिला तो आपलाच वाटायचा, हळूहळू उतरायला लागला. कोणीतरी डोक्यावरचं ओझं हाताखाली हात घालून उतरवून घ्यावं तसं. तिला फार बरं वाटलं. ह्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली आणि ती मागे सरत, घसरत, हात टेकत काठावर आली.

त्याच वेळी पाणी फुटलं आणि भुजंगमामा छातीपर्यंत वर आले.

पाण्यातून वर आलेला माणूस आधी श्वास घेतो. भुजंगमामांनी घेतला नाही. ते उभे राहिले, तोंडावरून पाणी ओघळू दिलं आणि तिला ओळखून हसले. चेहरा ताजा होता, दहा वर्षांनी लहान झालेला. ओठांच्या आत, दातांच्या जागी सगळं काळं होतं, आणि त्या काळ्यात काहीतरी लाल, बारीक, एका बाजूला झुकलं. त्यांनी तोंड मिटलं. मूठ पुढे केली. मुठीत तिच्यासाठी गाळ होता.

राजेश्रीने डबा पुढे केला नाही.

६

फाट्याच्या अलीकडे कडुलिंबाखाली तिने स्कूटी थांबवली. पाय ओले होते, चपला तळ्यावरच राहिल्या होत्या. फोनमध्ये एकतीस तळेवाल्यांची यादी होती. एवढं तरी तिच्या हातात होतं, फोन करायचे आणि सांगायचं की तळ्यात उतरू नका. कशावरून असं विचारलं तर ती खोटं बोलणार होती, विषारी औषध पडलंय म्हणणार होती. खोटं बोलून एकतीस घरं वाचणार असतील तर बोलावं.

पहिला नंबर वाजत राहिला. दुसरा वाजत राहिला. दुपारची वेळ आहे, माणसं शेतात असतील. तिसरा, चौथा. देवगाव फाट्याजवळचे व्यंकटराव फोनला चिकटलेलाच माणूस, कधी दोन रिंगा होऊ देत नसत. तिने त्यांना तीनदा लावला. रिंग संपेपर्यंत ऐकली. नववा, दहावा. एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसाने वळून बघितलं, आणि तिने पाठ झाडाला टेकवली, म्हणजे डुलायला नको. मध्येच तिने किशनरावांना फोन लावला. प्लेटा उकळल्या का एवढंच विचारायचं होतं. तोही वाजत राहिला. चौदावा. पंधरावा.

सोळावा लगेच उचलला गेला. राणीसावरगावच्या केशरबाईंचा होता.

“मॅडम व्हय? बरं झालं तुमीच लावलाव. मी लावनारच व्हते, पर म्हनलं, मॅडमला कशाला तरास.”

“केशरबाई, नीट ऐका. तळ्यात कोणी उतरू नका. घरातल्या सगळ्यांना सांगा. मालकांना आधी सांगा.”

पलीकडे मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मालकच उतरलेत मॅडम.”

“कधी?”

“आयतवारी.”

बुधवारचे चार वाजले होते. राजेश्रीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“डुलायलेत अजून,” केशरबाई सांगत होत्या, हळू, झोपलेलं माणूस जागं होऊ नये इतक्या हळू. “वरून दिसतंय. म्या भाकर नेऊन ठिवते काठावर, परत आनते. तुमाला एकच इचारायचं व्हतं. हाक मारावी का राहू द्यावं? लय दमलेलं मानूस हाय हो.”

राजेश्रीला रडावंसं वाटलं, त्या न पाहिलेल्या माणसासाठी, त्या भाकरीसाठी, आणि ह्या बाईने हे तीन दिवस कोणाला विचारलं नाही ह्यासाठी. राणीसावरगाव इथून लांब होतं. ती सकाळपासून जेवली नव्हती. पायांना लागलेला गाळ वाळून पांढरा पडला होता, आणि झाडाला टेकलेली तिची पाठ आता झाडाला टेकलेली नव्हती.

“हाक मारू नका,” ती म्हणाली. “मी येते.”

तिने स्कूटी वळवली. बरंच अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला अजिबात दमल्यासारखं वाटत नाहीये.